हात चुंबतो, सरदारसाहेब!

सरंजामशाही कायमची संपली आहे, हे जनतेच्या मनावर ठसवण्यासाठी सरकारने आमच्या टिसा नदीकाठच्या गावात एक सरदार आणायचे ठरवले. शंभर वर्षांपूर्वीच्या एका हंगेरियन कादंबरीवर चित्रपट निघत होता. तिच्यात एक वेठबिगार सरदाराचा हात चुंबायला नकार देतो आणि त्या एका 'नाही'ने सारी गढी पेटते.

राजधानीहून आलेला सरदार पहिल्याच संध्याकाळी आमच्या आलुबुखाराच्या दारूला शरण गेला, तो उठेना. त्याचा पोशाख कुणाला तरी बसायला हवा होता. तो सहकारी शेतीचे अध्यक्ष कॉम्रेड बोदोलाई यांना बसला. एक टाकाही उसवावा लागला नाही. चालही शिकवावी लागली नाही.

वेठबिगार म्हणून गेर्गेय चोंतोशची निवड झाली, कारण त्याची पाठ अस्सल वाकलेली होती. अडचण एवढीच, की त्याची म्हातारी घोडी फेच्के सॉसेजच्या कारखान्यात जायची की तबेल्यात मरायची, हे त्याच आठवड्यात अध्यक्ष ठरवणार होते.

गेर्गेय फेच्केचा लगाम धरून उभा राहिला. अध्यक्षांनी हात पुढे केला.

"हात चुंबतो, कॉम्रेड अध्यक्ष!" गेर्गेय म्हणाला.

"कट! अहो, तेव्हा कॉम्रेड नव्हते!" दिग्दर्शक ओरडला.

"बरं. हात चुंबतो, सरदारसाहेब!"

"अरे बाबा, 'नाही' म्हणायचंय!"

"म्हणतो की. पण फेच्केचं काय?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. "घोडीबाबतचा निर्णय वस्तुनिष्ठ निकषांवर होईल," ते म्हणाले. हात तसाच पुढे होता.

"म्हणून टाक रे मेल्या!" कुंपणापलीकडून त्याची बायको बोर्बाला ओरडली. "उभ्या जन्मात मला एवढं एकच तर धडपणे म्हणत आलास!"

मंत्रालयाचे वैचारिक सल्लागार कॉम्रेड हाल्मोशी पुढे सरसावले. "हे गंभीर आहे. जुन्या काळी माणूस नाही म्हणू शकत होता आणि आज म्हणू शकत नाही, असा अर्थ निघेल. शिवाय हे हात चुंबणं आपल्या देशातून केव्हाच नामशेष झालंय." एवढ्यात अध्यक्षांची बायको कॉफी घेऊन आली. "हात चुंबतो, वहिनी," असे सवयीने अभिवादन करून हाल्मोशींनी पेला घेतला.

मग तोडगा निघाला. गेर्गेयने हात चुंबावा, पण डोळे मिटून. मागे ढोल वाजेल. त्याला 'आंतरिक नकार' म्हणावे.

कॅमेरा सुरू झाला. ढोल वाजला. गेर्गेय डोळे मिटून वाकणार, तोच फेच्केने मान पुढे काढली. बराच वेळ पुढे धरलेल्या त्या हातात खरेच काही आहे का, हे सबंध गावात फक्त तिने तपासून पाहिले. साखर नव्हती. ती चावली.

अध्यक्षांनी मारलेली बोंब इतकी सरंजामी होती, की दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आले. संध्याकाळी अध्यक्षांनी डाव्या हाताने फेच्केचा सॉसेजचा हुकूम काढला. पण राजधानीत चित्रपट गाजला. घोडी म्हणजे जागी झालेली जनता, असे समीक्षकांनी ठरवले, आणि जागी झालेल्या जनतेचे सॉसेज करणे मंत्रालयाला गैरसोयीचे वाटले. हुकूम मागे घ्यावा लागला.

गावात चित्रपट दाखवला तेव्हा चाव्यापाशी टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या अध्यक्षांनी मागे वळून पाहिले. टाळ्या थांबल्या.

खेळ संपला. दारात अध्यक्ष उभे होते, हाताला अजूनही पट्टी. गेर्गेयने टोपी काढली.

"फेच्के वाचली, कॉम्रेड अध्यक्ष, आपल्या कृपेनं. हात चुंबतो!"

आणि पट्टीवरच ओठ टेकले. मागे सारे गाव रांगेत उभे होते.

हसलात? चाव्याला हसलात ना, मलाही कळले. चालू द्या. फक्त मागे कोण बसलेय ते आधी बघा. आणि उद्या साहेबांना द्यायचा तो अर्ज पुरा करा. खाली 'आपला आज्ञाधारक' तेवढे लिहायचे राहिलेय.