अठरा मानकरी आणि एक आकडा

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ बाजूला ठेवा, आज नाममहिम्याची एक खरीखुरी कथा ऐकवतो.

नाम हेच सत्य, पत्ता ही माया. कीर्तनात हे आपण आयुष्यभर ऐकलं; इंटरनेटनं ते अमलात आणलं. संगणकाला खरं तर नुसता आकडा कळतो. पण आपण नाव घ्यावं आणि एका अदृश्य दफ्तरानं नोंद पाहून त्या आकड्यापाशी नेऊन सोडावं, अशी सोय आहे. नोंदी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक सरळ आकडा सांगते. दुसरी म्हणते, मला नका विचारू, त्यांना विचारा. (ही पद्धत आपल्या कचेऱ्यांत आधीपासून आहे.)

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या मंडळानं कै. रामकिसनबुवांची कीर्तनं वेबसाइटवर ठेवली. सभासद एकोणीस, पैकी पदाधिकारी अठरा. (एकोणिसावे बुवा, ते वारले म्हणून सुटले.) नव्या कार्यकारिणीला त्या दफ्तरात मंडळाच्या नावापुढं नुसता आकडा शोभेना. तो खोडून लिहिलं: अध्यक्ष आप्पासाहेबांना विचारा. आप्पासाहेब विनयशील, त्यांनी आपल्या नावापुढं लिहिलं: बन्सीशेठना विचारा. उपाध्यक्ष बन्सीशेठ म्हणाले, "आमची काय बिशाद? पहिला मान मंडळाचा." त्यांनी लिहिलं: मंडळाला विचारा. टाळ्या झाल्या. तेव्हापासून संगणक तिघांच्या दारांत फिरतोय.

मग सोयगावहून एसटीनं बुवांच्या पत्नी मनकर्णाबाई मंडळाच्या सभेत आल्या. त्या रोज मोबाइलला तोंडी सांगायच्या, "मंडळाचं कीर्तन लाव." (नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?) आता मोबाइल गप्प होता.

"डॉक्टर म्हन्ले, कान लई दिवस टिकायचे नाय," त्या म्हणाल्या. "तवर तेंचा आवाज ऐकू द्या."

"आकडा कुणाकडं हाय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"बन्सीशेठना विचारा," कुणीतरी म्हणालं.

सचिव अमृताताई हळूच म्हणाल्या, "काकू, बुवांच्या स्वतःच्या नावाची जुनी नोंद तशीच असंल, सरळ आकड्याची. त्यांना मान द्यायचं कुणाला सुचलंच नाय. तुम्ही नाव घ्या."

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला, मोबाइल तोंडाशी धरला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या, "रामकिसन."

सभागृहात बुवांचा आवाज घुमला. बाई कान लावून ऐकत राहिल्या.

आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. "एवढ्या थोर माणसाच्या नावापुढं नुसता आकडा?" ते म्हणाले. बुवांचा यथोचित मान करण्याचा ठराव पुढच्या सभेत येतोय.

हसू नका. बुवांना मान द्यावा का, असं विचारलं की तुमचाच हात आधी वर जाईल. म्हणून विनंती एवढीच: त्या दिवशी हात वर करण्याआधी सोयगावच्या मनकर्णाबाईंची आठवण ठेवा.