चंद्रीचा सुंठवडा

“गाईला काय कमी पडतंय, ते मी गाईकडे न बघता सांगतो. नुसत्या भिंतीकडे बघून!” रत्नाकरराव म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच गाईकडे पाठ फिरवली.

भिंत त्यांच्याच कंपाउंडची. आनेकल रस्त्यावरच्या त्या वसाहतीत शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर यल्लव्वाचा गोठा होता, आणि तिची चंद्री पंधरा दिवस ती भिंत अशी चाटत होती, की रंगाऱ्याने घासकागद मारावा!

“दोन लिटर दूध कमी झालंय बगा, सायेब,” निपाणीकडची यल्लव्वा म्हणाली. “डेरीवाला तोंड वाकडं करायलाय.”

“फॉस्फरस! तो कमी पडला की जनावर माती खातं, भिंत चाटतं. गवतानं पोट भरतं, गरज भरत नाही. कॅल्शियम, तांबं, जस्त, कोबाल्ट... लागतात चिमूटभर, पण नसले की सगळा गाडा अडतो. मी खनिज मिश्रण करून देतो.”

“सरी, चालतंय. तुमी करा, मी घालते.”

रत्नाकररावांनी सरकारी संशोधन संस्थेत बत्तीस वर्षं पशुखाद्याचे नमुने तपासले होते. गाईला हात लावायचा योग मात्र कधी आला नव्हता. आणि निवृत्तीनंतर त्यांचा जीव अडकला होता एकाच गोष्टीत. कीर्तनात! झांजेच्या पहिल्या ठोक्याला ज्याचे डोळे भरून येतात, असा हा माणूस. यंदा रामनवमीला मराठी मंडळाचे ठरलेले बुवा आजारी पडले आणि मंडळातले सर्वांत ज्येष्ठ नागोजीअण्णा म्हणाले, “रत्नाकर, एकदा उभे राहा. जमलं, तर ही सेवा कायमची तुमची.”

त्या रात्री रत्नाकररावांना पोळी दोनदा वाढलेली कळली नाही.

नवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही कामं एकदम काढली. प्रसादाचा सुंठवडा मिक्सरमधून पिठासारखा एकजीव केला. खनिज मिश्रणाला चंद्रीनं तोंड लावावं म्हणून त्यात थोडी सुंठ आणि गूळ घातला. दोन्ही सारख्याच स्टीलच्या डब्यांत भरलं.

“डब्यांवर नावं लिहा,” त्यांच्या पत्नी कल्पनाताई म्हणाल्या.

“नावं? अगं, नाव आलं की पूर्वग्रह आला! आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याला फक्त नंबर. कुठला नंबर कशाचा, ते वहीत.”

त्यांनी डब्यांवर एक आणि दोन लिहिलं आणि ते आख्यान घोकायला बसले. वहीतली नोंद राहिलीच!

सकाळी दोन डबे, दोन्ही उघडे, दोन्हींत तीच मातकट पूड.

“वास घेऊन बघा ना!”

“नैवेद्याआधी वास? राम राम राम! काय बोलतेस!”

शेवटी त्यांनी डोळे मिटून रामाला हाक मारली आणि नंबर दोन यल्लव्वाकडे पाठवला.

कीर्तन मात्र असं रंगलं, की पेटीवाल्यानं दोनदा डोळे पुसले. “श्रोतेहो, आमची चंद्री भिंत चाटते, कारण तिच्या आहारात एक चिमूट कमी आहे. आपणही जन्मभर संसाराची भिंतच चाटतो. आपल्या आहारात नामाची चिमूट कमी आहे!” टाळ्या! मग आवाज चढवून म्हणाले, “आणि प्रसादाला चव विचारू नये. सत्य आणि प्रसाद, दोन्ही जसे येतील तसे गिळावेत!”

बाराला पाळणा हलला, फुलं उधळली, पानकाचे पेले फिरले आणि पाठोपाठ सुंठवड्याच्या पुड्या.

रत्नाकररावांनी चिमूट जिभेवर टाकली. बत्तीस वर्षांच्या अनुभवानं क्षणात अहवाल दिला: कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस पुरेसा, गोडी नावापुरती!

समोर साठ माणसं बसलेली. एकेकाचा चेहरा कच्चा आवळा चघळल्यासारखा. पण थुंकतो कोण? प्रसाद! शिवाय बुवांनीच सांगितलेलं, गिळावं!

“औषधी दिसतोय,” एक बाई शेजारणीला म्हणाल्या.

“गुणकारीच असणार. इतका वाईट लागतोय म्हणजे!”

आत्ता उठून बोलावं? पण मग कीर्तन गेलं, सेवा गेली! चिमटीनं काय होतंय, उलट हाडं मजबूत होतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि खाली बघून उपरण्याच्या दशा मोजल्या.

“रत्नाकर,” नागोजीअण्णा काठी टेकत आले, “गुडघ्यांना आणखी एक पुडी द्या हो.”

हात पुढे झाला. पुडी दिलीसुद्धा!

“आणि एक आमच्या नातसुनेला. पवित्राला सातवा लागलाय. रामाचा प्रसाद बाळापर्यंत पोचू दे.”

पवित्रा ओंजळ पुढे करून उभी होती. रत्नाकररावांनी पुढे केलेली पुडी मागे ओढली. घाम पगडीतून ओघळून नाकावर आला.

“खाऊ नकोस, पोरी!” ते ओरडले. “कुणीच खाऊ नका! हा सुंठवडा नाही. हे... गाईचं खनिज मिश्रण आहे.”

साठ जणांनी एकदम पदर-रुमाल तोंडाला लावले.

“तुम्हाला कधी कळलं?” अण्णांनी शांतपणे विचारलं.

“पहिल्या चिमटीला.”

“म्हणजे आम्ही गिळत होतो तेव्हा.”

“हो.” हा ‘हो’ त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंतही पोचला नाही.

अण्णांनी खिशातून न उघडलेली पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. “मलाही पहिल्याच चिमटीला कळलं. चाळीस वर्षं यशवंतपूरला पेंडीचं दुकान चालवलंय मी! पवित्राला ‘खाऊ नको’ म्हणून डोळ्यांनी खुणावलं होतं. तुम्ही कुठवर गप्प राहता, तेवढं बघत होतो. भिंत चाटायची वेळ चंद्रीपेक्षा तुमच्यावर आली होती, रत्नाकर.”

हशा पिकला. रत्नाकररावांना वाटलं, त्या हलत्या पाळण्यातच जाऊन पडावं आणि वरून दुपटं ओढून घ्यावं.

एवढ्यात रिकामा डबा घेऊन यल्लव्वा दारात हजर! “सायेब, सगळा एका दमात चाटला बगा! आणखी हाय काय? भिंत सोडून तुमच्या दाराकडं तोंड करून हंबरायलीय!”

सेवा मात्र गेली नाही. “उशिरा का होईना, बोललात,” अण्णा म्हणाले. “पुढच्या वर्षी कीर्तन तुमचंच. सुंठवडा कल्पनावहिनींचा.”

चंद्री आता खरं मिश्रण खाते, दूधही वाढलंय. पण वर साखर पेरल्याशिवाय ती तोंड लावत नाही. आणि रत्नाकरराव रोज डबा उघडून, आधी स्वतः चिमूटभर चाखून, मगच तिला घालतात. त्याला काही नैवेद्याचा नियम लागत नाही!

त्यांचे गुडघे मात्र अलीकडे अजिबात कुरकुरत नाहीत म्हणे. पण हे ते कुणाला सांगत नाहीत.