नाक कसं आहे?

अण्णांनी मला 'कशी आहेस' असं कधी विचारलं नाही. फाटकाला हात लावला की आतून प्रश्न यायचा, "नाक कसं आहे?"

मी पुण्याहून बंगळुरूच्या जे. पी. नगरात, अण्णांच्या घरासमोर, नव्यानेच राहायला आलेले. नोकरी कॉम्प्युटरची, जीभ पुण्याची. पहिल्यांदा म्हटलं, "जागेवर आहे." अण्णा हसले नाहीत. बटरफ्रूटच्या, म्हणजे अ‍ॅव्होकाडोच्या, झाडाखालच्या लाकडी खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "स्वल्प बसा." मला शिंक येते का, ते त्यांना बघायचं होतं. पोस्टमन, दूधवाला, मीटर बघायला येणारा, सगळे त्या खुर्चीवर बसून गेलेले. एकदा सख्खे व्याही शिंकले, तर बिचारे बेळगावहून आणलेला कुंदा फाटकाला अडकवून आल्या पावली परत गेले.

अण्णाही बेळगावकडचेच. पीण्या नावाच्या इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात लेथवर सारी उमर काढून घरी बसलेले. तऱ्हेवाईक म्हातारा म्हणून मी सोडून दिलं असतं, पण वरच्या मजल्यावर त्यांची नात होती, मुक्ता. वय सहा-सात. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि थोरल्या बहिणीचा बोन मॅरो तिला दिला होता. तिच्या आईने मला समजावलं ते असं: जुनं रक्त गेलं, त्याबरोबर अंगाला पाठ झालेल्या सगळ्या सर्द्याही गेल्या. नवं रक्त तान्ह्या बाळासारखं, कुठलाच आजार न ओळखणारं. आपण नाक पुसून विसरतो ती सर्दी हिच्या छातीत उतरली तर जिवावर बेतेल. त्यानंतर मी मुकाट्याने खुर्चीवर बसायला लागले.

गंमत म्हणजे गल्लीतलं सगळ्यात वाईट नाक खुद्द अण्णांचं होतं. रस्त्यावरची झाडं फुलली की यांच्या शिंका सुरू. डॉक्टर सांगून थकले, ही परागांची अ‍ॅलर्जी आहे, कुणाला लागत नाही. अण्णा म्हणत, "माझ्या नाकाची ग्यारंटी मी देणार नाही." गाडी नसलेल्या गॅरेजमध्ये त्यांनी खाट टाकली आणि मुक्ता घरी आल्यापासून स्वतःच्या घराचा जिना चढले नाहीत.

दुपारी मात्र गोष्ट व्हायची. तोंडाला उपरणं बांधून अण्णा झाडाखाली उभे राहत. वरची खिडकी बंद, त्यामुळे आवाज पोचतच नसे. मग अण्णा हत्ती व्हायचे, नदी व्हायचे, कमरेत वाकून म्हातारी व्हायचे. काचेमागे मुक्ता मान डोलवायची. ऊन भिंतीवरून सरकायचं, रस्त्यावरच्या झाडांची जांभळी फुलं एकेक करून गळायची, गल्ली पेंगायची. सुट्टीच्या दिवशी गॅलरीतून ते बघताना मी जागी आहे की झोपेत, मलाच कळायचं नाही.

मग एका सकाळी मुक्ता शिंकली. दुपारपर्यंत ताप चढला आणि तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. अण्णा गॅरेजच्या दारात बसून राहिले. मी डबा घेऊन गेले, तर त्यांनी माझं नाक विचारलं नाही. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

सर्दी छातीत उतरली नाही. ताप उतरला, नाक वाहायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, पोरीचं नवं रक्त लढायला शिकतंय. मुक्ता घरी आली त्या दिवशी अण्णांनी दारोदार कुंदा वाटला. "नातीला सर्दी झाली होती," एवढंच सांगायचे. लोक बावचळून कुंदा घ्यायचे आणि कानडीत 'बरं' म्हणायचे, "सरी, अण्णा."

थोड्या दिवसांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, ती जिना उतरून अंगणात आली. अण्णा मागे सरले, घाईघाईने उपरणं शोधू लागले. तिने खुर्ची ओढत त्यांच्यापुढे आणली.

"बस, अज्जा."

अण्णा बसले. तिने त्यांना नीट निरखून घेतलं.

"नाक कसं आहे?"

"गळतंय की गं," अण्णा म्हणाले. डोळेही गळत होते.

"माझंपण गळलं होतं," मुक्ता म्हणाली आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली. "आता ती हत्तीची गोष्ट सांग. आवाजासकट."