सायकलीच्या मागे ट्रॅक्टर

"सायकलवर? बारामतीला? एकटी?" प्रत्येक प्रश्नाला हिंदुरावांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"मग काय करू, आण्णा? तुमी मला गाडीवर सोडता न् कॉलेज सुटंपर्यंत गेटवर बसून राहता," श्रेया म्हणाली. "पोरी विचारत्यात, तुझ्या वडलांनीबी अ‍ॅडमिशन घेतलंय का म्हणून."

काटेवाडीहून बारामती काही फार लांब नाही, आणि हिंदुरावांची काळजी काही खोटी नव्हती. शहरातल्या मोठ्या रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवला होता. तो इतका ऐसपैस निघाला की सगळ्यांनाच उपयोगी पडला. त्यावर वडापावचे गाडे होते, शहाळ्यांचे ढीग होते, मोटारी लावलेल्या होत्या. नव्हती ती फक्त सायकल. सायकलवाल्याला पट्टा सोडून थेट उसाच्या ट्रकांमध्ये शिरावं लागे. एकुलती एक पोरगी तिथे पाठवायची म्हटल्यावर कुठल्या बापाच्या घशाखाली घास उतरेल?

शेवटी श्रेयाच्या आईने, मनिषाताईंनी, तोड काढली. "अवं, एक दिस परीक्षा घ्या तिची. येळेत न् धडधाकट पोचली, तर रोज एकटी जाईल. न्हाय पोचली, तर तुमी हायच की गेटवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेया सायकल घेऊन निघाली आणि तिच्या मागे ट्रॅक्टर सुरू झाला.

"आण्णा, ह्ये काय?"

"परीक्षा म्हनली की सुपरवायझर आलाच. मागनं कुनी अंगावर गाडी घालायला नको."

मागच्या गाड्यांना थोपवायला मडगार्डवर शेजारचे दादासो बसले होते. त्यांच्या हातात लाल टॉवेल होता आणि तो ते जीव तोडून हलवत होते. ट्रॅक्टरला खंडेनवमीचे झेंडूचे हार अजून तसेच लोंबत होते. पहिल्या गिअरमधला तो ट्रॅक्टर ओलांडायची कुणाची टाप नव्हती, कारण हिंदुरावांनी तो मुद्दाम रस्त्याच्या मध्यावर धरला होता. बघता बघता मागे दुधाचे टेम्पो, जीपगाड्या, मोटरसायकली यांची लांबलचक रांग लागली आणि सगळे मिळून हॉर्न वाजवू लागले.

आता हार घातलेला ट्रॅक्टर, वर टॉवेल उडवणारा माणूस आणि मागे वाजतगाजत येणाऱ्या गाड्या, याला आपल्याकडे एकच नाव आहे. फाट्यावरचा हॉटेलवाला सुयोग झारा हातात घेऊनच धावत आला.

"दादासो, कशाची वो मिरवणूक?"

"मिरवणूक कसली? परीक्षा हाय पोरीची!"

"कंची? फौजदाराची?"

ट्रॅक्टरच्या आवाजात दादासोंना फक्त ओठ हललेले दिसले. "व्हय, व्हय!"

"मग, पास?"

एवढं मात्र त्यांना नीट ऐकू आलं. पोरगी सायकल झकास चालवत होती. "झाल्यात जमा हाय!" ते ओरडले.

सुयोगने झारा ठेवला आणि मोबाइल उचलला. 'काटेवाडीची कन्या फौजदार' हा मजकूर ट्रॅक्टरच्या कितीतरी आधी बारामतीत पोचला. वाटेत कुणीतरी त्यात 'आजच हजर होणार' हे घातलं. पुढच्याने पदरचं एक वाक्य जोडलं: 'म्याडमचा पहिला हुकूम, हिरव्या पट्ट्यावर जे दिसेल ते उचलणार!'

शहराच्या तोंडाशी हलगी सामील झाली. गुलाल उधळला गेला. हिंदुराव घसा फोडून सांगत होते, "अवं, तसं काय न्हाय!" लोक म्हणाले, माणूस बघा किती साधा. आणि त्यांच्या गळ्यात आणखी एक हार घातला.

श्रेयाने पुढे पाहिलं आणि तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. हिरवा पट्टा पार टोकापर्यंत मोकळा होता. गाडे गल्लीत गेले होते, मोटारी गायब झाल्या होत्या, आणि एका वडापाववाल्याने तिला चक्क सलाम ठोकला. तिने मागे पाहिलं, तर आण्णा ट्रॅक्टरसकट गर्दीत रुतले होते. तिने पायडल दाबलं आणि वर्ग भरायच्या आत ती बाकावर जाऊन बसली.

इकडे हिंदुरावांना हे खोटं सहन होईना. ते ट्रॅक्टरवर उभे राहिले. हलगी थांबली. "मंडळी, नीट ऐका! माजी पोरगी फौजदार..."

एवढ्यात त्यांची नजर पट्ट्यावर गेली. शाळेच्या दोन मुली गप्पा मारत, निर्धास्तपणे सायकली चालवत निघाल्या होत्या. हिंदुराव आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, तसे याही वेळी बोलले नाहीत. त्यांनी फक्त वाक्य पुरं केलं नाही. ते खाली बसले आणि हलगी पुन्हा कडाडली.

कॉलेज सुटायच्या वेळी ते गेटसमोर हजर होते. परतीचा बंदोबस्त नको का? ट्रॅक्टर लावायला अख्ख्या रस्त्यावर एकच मोकळी जागा होती, तिथे त्यांनी तो लावला. दादासो एव्हाना मिसळ खायला गेले होते.

श्रेया मैत्रिणींबरोबर सायकलवरून आली आणि तिने घंटी वाजवली. हिंदुराव हसले. तिने परत वाजवली.

"आण्णा, ट्रॅक्टर काढा."

"अगं, मीच हाय!"

"म्हणूनच सांगती. ह्यो पट्टा सायकलींचा हाय."

रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले. हिंदुरावांनी हळूच विचारलं, "मग मागनं येऊ न्हवं?"

"मी येळेत पोचले का न्हाय?"

"पोचलीस."

"धडधाकट?"

हिंदुरावांनी मान डोलवली. ते मुकाट्याने वर चढले आणि त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला. श्रेया हिरव्या पट्ट्यावरून सरळ निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. त्यांना धास्ती वाटत होती, आणि धास्तीपेक्षा अभिमान जास्त वाटत होता. डोळे गुलालाने चुरचुरत होते, असं त्यांनी नंतर घरी सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी शहाळेवाला आपला गाडा पुन्हा पट्ट्याकडे ढकलायच्या बेतात होता. वडापाववाल्याने त्याचा दंड धरला.

"मागं घे, बाबा, मागं घे! सख्ख्या बापाला सोडलं न्हाय तिनं!"