काउंटरवरची लाल गोळी

तोकुनागांनी हात पुसायचा गरम टॉवेल उलगडला, त्याची वाफ चष्म्यावर बसली, आणि चष्मा पुसावा म्हणून त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर लिंबाएवढी एक लाल प्लास्टिकची गोळी बाहेर आली, टणकन काउंटरवर पडली आणि चालू लागली.

'उओहिरा' या मासळीच्या खानावळीचं काउंटर म्हणजे लाकडाची एकच लांबलचक फळी. दोन पिढ्यांच्या गिऱ्हाइकांनी कोपरं टेकून टेकून ती अशी झिजवली आहे, की तिच्यावर ठेवलेली कोणतीही गोल वस्तू शेवटी मालक आणि आचारी असलेल्या उस्तादांच्या पुढ्यातच जाते. गोळी कुवाबारा न्हाव्याच्या बिअरच्या पेल्याला वळसा घालून गेली, चॉपस्टिकच्या डब्याला धडकली, क्षणभर विचारात पडली आणि सरळ उस्तादांच्या मासे कापायच्या पाटाशी जाऊन थांबली.

उस्तादांचा सुरा हवेतच राहिला.

"कुणाची ही कोळंबी?" त्यांनी विचारलं.

गोळी कुठली, हे सगळ्यांना कळलं होतं. स्टेशनसमोर गेल्या वर्षी ते फिरत्या पट्ट्याचं सुशीचं दुकान उघडलं, तिथे पाच बशा संपवल्या की पडद्यावर एक खेळ लागतो, आणि नशीब असेल तर वरच्या नळकांड्यातून आत रबरी खेळणं असलेली अशी गोळी पडते. 'उओहिरा'त त्या दुकानाचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. अगदीच वेळ आली तर "समोरचे" म्हणायचं आणि घोटभर पिऊन तोंड साफ करायचं.

कुवाबारा एकदाच समोर जेवून आला होता, तोही मेव्हण्याच्या आग्रहाखातर. उस्ताद त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त मागच्या फळीवरची, कुवाबाराच्या नावाने राखून ठेवलेली दारूची बाटली उचलली आणि मागच्या रांगेत ठेवली. ओसाकाच्या या बाजारगल्लीत ज्याची बाटली पुढच्या रांगेत तो घरचा माणूस, आणि ज्याची मागे तो गिऱ्हाईक. कुवाबारा तेव्हापासून गिऱ्हाईक होता.

तोकुनागांची बाटली पुढच्या रांगेत होती. शब्दकोशाच्या छापखान्यात प्रूफं तपासण्यात त्यांचा जन्म गेला, बायको गेली, निवृत्ती आली, मुलगी चिहारु नोकरीला दूर सापोरोला गेली. आता दिवसभरात त्यांना नावाने हाक मारणारी जागा एकच उरली होती, ती म्हणजे या काउंटरच्या टोकाची खुर्ची. ती गेली असती तर त्यांना संध्याकाळ कुठे ठेवावी हेच कळलं नसतं.

"तुमची का हो, तोकुनागासान?" उस्तादांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. तोच वाईट.

"न... नातवाची," तोकुनागा म्हणाले.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने शोधणाऱ्या माणसाने इतकी ढोबळ चूक कशी केली, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांना नातू नव्हता. चिहारुचं लग्नही झालेलं नव्हतं.

"अगं बाई!" बिअरचे पेले घेऊन येणाऱ्या वहिनी जागीच थबकल्या. उस्तादांची ही बायको दुकानातल्या सगळ्यांची वहिनी. "चिहारुला बाळ झालं? आणि आम्हाला पत्ता नाही?"

"लग्न कधी झालं पण?" कुवाबाराने विचारलं.

"तू गप रे. हल्लीची मुलं सांगून करतात का काही? तोकुनागासान, केवढा झाला?"

"लहान आहे," तोकुनागा म्हणाले. एवढं तरी खोटं नव्हतं. जो नाहीच तो लहान असणारच.

"गोळीशी खेळतो म्हणजे दोन वर्षांचा तरी असेल," कुवाबाराने हिशेब लावला.

"दोन वर्षं!" वहिनींनी कपाळावर हात मारला. "दोन वर्षं पोटात ठेवलंत? धन्य आहे बाबा तुमची. अहो, एवढं लाजायचं काय त्यात? नातू झालाय, गुन्हा नाही केलात काही!"

तोकुनागांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. पण त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या जन्मभर समासात झालेल्या. कुणाच्या तोंडावर "हे असं नाही" म्हणायची त्यांना सवयच नव्हती. याचा पुरावा रोज त्यांच्या बशीत येत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी तोकुनागांपुढे व्हिनेगरात मुरवलेला बांगडा ठेवला होता आणि "कसा झालाय?" विचारलं होतं. तोकुनागा "छान" म्हणाले होते. तेव्हापासून त्यांच्यापुढे, ते न मागता, तोच बांगडा येत होता. आत्ताही आला होता. तो त्यांच्याकडे बघत होता आणि ते त्याच्याकडे.

उस्तादांनी गोळी उचलली, हातात धरून बराच वेळ पाहिली, मग जपून सोयासॉसच्या बाटलीला टेकवून ठेवली. नंतर ते मुकाट्याने शीतपेटीकडे गेले आणि हातभर लांबीचा एक लालबुंद ताइ मासा घेऊन आले. या माशाशिवाय आमच्याकडे लग्न होत नाही की बारसं होत नाही.

"अहो, तो वरच्यांचा आहे!" वहिनी कुजबुजल्या. "बाजारमंडळाची पार्टी बसलीय ना वर!"

"वरचे थांबतील," उस्ताद म्हणाले आणि माशाच्या पंखांना मीठ चोळायला लागले.

"उस्ताद, इतकं काही नको हो," तोकुनागा क्षीण आवाजात म्हणाले.

"बोलू नका. शुभ आहे."

वरचे काही थांबले नाहीत. माडीच्या जिन्यावरून मंडळाचे अध्यक्ष ओबातासान खाली आले. चटईविक्रेते. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. "हिराओका!" त्यांनी उस्तादांना आडनावाने हाक मारली. "आमचा मासा कुठाय?"

"तोकुनागासानना नातू झालाय," वहिनींनी सांगितलं.

"काय सांगता!" ओबातांनी जिन्याच्या वर तोंड करून हाक मारली. "ए, खाली या रे सगळे! आपल्या तोकुनागांना नातू झालाय!"

मंडळाचं मंडळ पेल्यांसकट खाली उतरलं. तोकुनागांच्या पाठीवर थापा बसू लागल्या. त्यांची पाठ तशी थापांची नव्हती. प्रत्येक थापेबरोबर ते बांगड्याच्या आणखी जवळ जात होते.

"वसंतात गल्लीवर आपण कापडी मासे लावतो ना, पोराबाळांसाठी," ओबाता म्हणाले, "यंदा एक तोकुनागांच्या नातवाच्या नावाचा! मंडळातर्फे! हां, नाव काय ठेवलंय?"

सगळे पेले थांबले.

"अजून... ठरलं नाही."

"दोन वर्षांत?"

"अरे, ते प्रूफं तपासणारे," कुवाबाराने बाजू घेतली. "चार वेळा वाचल्याशिवाय छापतील का?"

दुकान हसण्याने दणाणलं. तोकुनागाही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजू लागला. फोनवर चिहारुचं नाव होतं.

"घ्या, घ्या!" वहिनी आनंदाने म्हणाल्या. "मीच मघाशी तिला मेसेज टाकला. नाचणाऱ्या सशाचं चित्र घातलं, तीनदा. ओबातासानना माशाचा रंग हवा असेल, तेही विचारून ठेवलं."

तोकुनागांचं बोट भलत्याच बटणावर जात होतं, म्हणून वहिनींनीच मदत केली, आणि मदत करताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बटण दाबलं.

"बाबा," सापोरोहून आवाज आला, "मला मुलगा झाला म्हणे?"

ओबातांनी पेला खाली ठेवला.

"दुपारपर्यंत मी एक मांजर सांभाळत होते," आवाज पुढे म्हणाला. "संध्याकाळी दोन वर्षांचा मुलगा. कुणी ओबातासान म्हणून आहेत, त्यांनी कापडी माशाचा रंग विचारलाय. बाबा, मला काही अडचण नाही, पण निदान त्याच्या बापाचं नाव तरी मला सांगा."

नेमका तेव्हाच उस्तादांनी भाजलेला ताइ काउंटरवर मांडला. शेपटी वर, पंखांवर मिठाची पांढरी किनार, आणि सगळं समजल्यासारखा एक डोळा तोकुनागांवर.

तोकुनागांनी मागच्या फळीकडे पाहिलं. पुढच्या रांगेत त्यांची बाटली उभी होती, गळ्यात त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. 'अडचण आहे, फोन ठेव' म्हणता आलं असतं. पोटात कळ आली म्हणून घरी जाता आलं असतं. नातवाला एखादं नाव देऊन टाकता आलं असतं, आणि मग शाळेत घालता आलं असतं, आणि मग त्याचं लग्न. तोकुनागांच्या डोळ्यांपुढे ते सगळं पानामागून पान उलटत गेलं, आणि प्रत्येक पानावर तीच चूक.

ते उभे राहिले. इतक्या वर्षांत जेवण संपायच्या आधी ते तिथे कधी उभे राहिले नव्हते.

"चिहारु, फोन ठेवू नकोस. मला एक दुरुस्ती करायची आहे." त्यांनी घसा खाकरला. "मला नातू नाही. ती गोळी माझी आहे."

"म्हणजे?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे मी समोर जेवतो. दर मंगळवारी दुपारी. आजही जेवलो. मक्याचे दाणे आणि मेयोनेज घातलेली सुशी खाल्ली."

"मका!" ओबातांनी छातीवर हात ठेवला.

"हो, मका! मला आवडतो. लहान पोरं खातात, मीही खातो. तिथे पडद्यावर बोट ठेवलं की बशी येते. कसा झालाय म्हणून कुणी तोंडाकडे बघत बसत नाही. पाच बशा झाल्या की खेळ लागतो आणि मी मनातल्या मनात ओरडतो. आज पहिल्यांदा गोळी पडली. घरी जाऊन चहाबरोबर उघडायची म्हणून न उघडता ठेवली होती. पुढच्या मंगळवारी मी परत जाणार आहे!" त्यांचा आवाज चिरकला, पण ते थांबले नाहीत. "आणि उस्ताद, हा बांगडा मला आवडत नाही. कधीच आवडला नव्हता. माझी बाटली मागे टाकायची तर खुशाल टाका. मी मागच्या रांगेतली बाटली मागून घेईन, पण बसणार याच खुर्चीवर!"

एवढं बोलून ते बसले, आणि आपल्याला खुर्ची आहे की नाही हे बसल्यावर तपासलं.

"बाबा," फोनमधून हळूच आवाज आला, "हे तुम्हीच ना?"

उस्तादांनी हात पुसले. ते वळले. त्यांचा हात फळीकडे गेला. कुवाबाराने डोळे मिटून घेतले. पण उस्तादांनी बाटलीला हात लावला नाही, नुसते तिच्याकडे बघत राहिले.

"मका," ते म्हणाले. "मेयोनेज. इतकी वर्षं मी पहाटे उठून बाजारातून यांच्यासाठी बांगडा निवडून आणतो. आणि हे कोळंबी खिशात घालून माझ्या काउंटरवर बसतात."

तोकुनागा मध्येच बोलले. ते ठरवून बोलले नव्हते, ती सवय होती. छापलेल्या ओळीत काही खटकलं की त्यांचं बोट आपोआप तिथे थांबत असे.

"उस्ताद, कोळंबी का म्हणालात?"

"काय?"

"गोळीला कोळंबी म्हणालात. आत्ता म्हणालात, आणि मघाशी गोळी आली तेव्हाही म्हणालात. गोळी बंद आहे. आरपार दिसत नाही. आत काय आहे ते मलाही माहीत नाही."

उस्तादांनी सुरा उचलला, परत ठेवला. "लाल गोळीत कोळंबी असते. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना नाही," तोकुनागा म्हणाले. "मला माहीत नव्हतं. आणि मी दर मंगळवारी जातो."

आता सगळ्यांच्या माना उस्तादांकडे वळल्या. सर्वांत सावकाश वळली ती वहिनींची.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "बुधवारी दुकान बंद असतं, तेव्हा तुम्ही सुऱ्यांना धार लावायला जाता ना?"

"जातो की."

"मग गेल्या गुरुवारी मला काकडी का कापता येत नव्हती?"

उस्तादांचे कान ताइच्या रंगाचे झाले. त्यांनी डोक्याला बांधलेला पंचा सोडला, परत बांधला. मग ते वाकले आणि भाताच्या पिंपामागून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून काउंटरवर ठेवला. आत निळ्या गोळ्या होत्या. सगळ्या निळ्या.

"खेकडे," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "नुसते खेकडे. पोस्टरवर कोळंबी असते, लाल गोळीतली, डोक्याला पंचा बांधलेली. अगदी माझ्यासारखी. उन्हाळ्यापासून जातोय. एकदाही पडली नाही."

"आणि माझी बाटली मागे?" कुवाबारा उठला. "मी एकदा गेलो, तोही मेव्हण्याबरोबर! आणि तुम्ही डबा भरून?" तो तरातरा काउंटरच्या आत गेला. तिथे जायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्याने आपली बाटली उचलली आणि पुढच्या रांगेत बरोबर मधोमध ठेवली. परत येऊन बसला आणि आजूबाजूला अशा नजरेने पाहू लागला, की कुणी काही बोलून तर पाहावं. मंडळाची काही मंडळी तर एकदम जिन्याकडे सरकली होती, आणि ओबाता आपल्या किल्ल्यांचा जुडगा घाईघाईने खिशात कोंबत होते. जुडग्याला एक रबरी ऑक्टोपस लटकत होता.

"बाबा," फोन म्हणाला, "मग आता मला मुलगा आहे की नाही?"

"नाही," तोकुनागा म्हणाले.

"मग माशाचं काय?" जिन्यावरून कुणीतरी विचारलं.

"भाजलाय तो," वहिनी कडाडल्या. "खा मुकाट्याने. आणि तुम्ही हो, यापुढे बुधवारी सुऱ्या मी घेऊन जाईन."

ताइ फोडला गेला. तोकुनागांपुढचा बांगडा उस्तादांनी स्वतः उचलला, कुवाबारापुढे सरकवला, आणि तोकुनागांच्या बशीत माशाच्या गालाचा तुकडा ठेवला. तो मानाचा. "कसा झालाय?" त्यांनी सवयीने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

तोकुनागांनी चावून पाहिला, सावकाश. "मीठ थोडं जास्त आहे," ते म्हणाले.

उस्तादांनी मान हलवली. मग त्यांनी सोयासॉसच्या बाटलीशेजारची लाल गोळी उचलली, तळहातावर घेतली, आणि बाकीच्यांकडे पाठ करून काउंटरवर इतके वाकले की त्यांच्या पंच्याचं टोक तोकुनागांच्या पेल्यात बुडालं.

"तोकुनागासान," ते कुजबुजले, "या एका कोळंबीच्या बदल्यात हा अख्खा डबा देतो. सगळे खेकडे तुमचे. बोला."

तोकुनागांनी डब्याकडे पाहिलं. उस्तादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा पाच बशा संपवून पडद्याकडे बघत बसलेल्या पोराचा होता. मग त्यांनी हात पुढे केला, उस्तादांच्या तळहातावरून आपली गोळी उचलली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"नाही," ते म्हणाले.

शब्द छोटासा होता. पण तोंडात इतका छान विरघळला, की त्यांनी तो मुद्दाम पुन्हा एकदा म्हणून पाहिला.