खाजणातील रोहित पक्ष्यांच्या छबीची फत्ते

श्रीसूर्यनारायण प्रसन्न, ज्याचे उजेडावाचून छबी नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमीपासोन राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहितो. समुद्रकाठी, भरतीचे पाणी शिरे ऐसे, राज्याचे थोर खाजण होते. कारभारी विसाजीपंत यांणी हुजूर अर्ज केला की, खाजण बुजवून पेठ वसवावी, रोहित पक्षी येत असत ते येईनासे जाहले, आता चिखल मात्र उरला. आणि तेथील मिठागरवाले आगरी बोलो लागले की, पक्षी हजारांनी येतात. मग महाराजांनी दरबारची छबीनवीस द्वारकाबाई इजला आज्ञा केली, "पौर्णिमेपावेतो पक्ष्यांच्या छबी आणा. दिसले तर खाजण राहील." बाई डिजिटल कॅमेरा घेऊन गेली, गुडघाभर चिखलात उभी राहिली, आणि त्रयोदशीस दरबारी पडद्यावर छबी दाविल्या. तो पाणी राखेसारखे, उभे पक्षी काळे ठिपके, आणि उडाले ते नुसते ओरखडे. पंत शांतपणे बोलिले, "बाई, हे कावळे आहेत." दरबार हसला आणि बाई मान खाली घालोन निघाली.

दुसरे दिवशी मिठागराचे बांधावर धाकू म्हात्रे आगरी याणे कॅमेरा हाती घेऊन उलटासुलटा पाहिला आणि पुसिले, "बाय, या चाकावर ही चित्रां कसली? डोंगर हाय, मुखडा हाय, धावनारा मानूस हाय."

बाई बोलली, "ठाऊक नाही, धाकूदादा. अकरा वर्षे, सारे आपोआप करणाऱ्या हिरव्या खुणेवरोन चाक हलविले नाही. काही बिघडेल ऐसे भय वाटे."

"आनि ह्यो माड नि वाळू?"

"समुद्रकिनाऱ्याची खूण असावी."

"मंग आपुन कुठं उभं हाव?"

बाईने अंमळ विचार केला आणि चाक माडावर आणिले. मिठाचे लखलखाटास भुलोन कॅमेरा सारे काळवंडीत होता, तो सावरला, पाणी शुभ्र जाहले आणि पक्षी गुलाबी दिसो लागले. मग धाकू बोलला, "उनाला पाठ द्या, आता थवा उठंल." बाईने चाक धावत्या माणसावर नेले, कळ दाबोन धरिली, थवा उठला आणि एकामागे एक छबी निघत गेल्या, पिसन् पीस वेगळे.

पौर्णिमेस दरबार भरला. पडद्यावर हजारो पक्षी उभे राहिले आणि मग उडाले. विसाजीपंत आसन सोडोन पडद्याजवळ गेले, बहुत वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "महाराज, मी चुकलो. आठ वर्षांत मी तिकडे गेलोच नाही." महाराजांनी भरावाचा अर्ज जागीच नामंजूर केला, बाईस मानाची शाल दिधली आणि धाकूस पुसिले, तुज काय पाहिजे. तो बोलला, "माजे आयची छबी नाय. येक काढा." मग बाई मिठागरी गेली, चाक मुखड्याचे खुणेवर लाविले, आणि म्हातारीने पदर नीट करोन ताठ बसोन घेतले.

एवंच, खाजण राहिले, पक्षी राहिले, आगरी सुखी जाहले. आणि द्वारकाबाई त्या दिवसापासोन कोणतेही चाक फिरवावयास भ्याली नाही. इतके वर्तमान खरे.