सगुणाबाईंची जाडजूड पुस्तकं

एका जंगलात, बाळांनो, एका सिंहीण महाराणीचं राज्य होतं. शिस्त इतकी कडक, की बेडूकसुद्धा आधी विचारून मग डराव करत.

तिथे सगुणाबाई नावाच्या एक साळिंदर राहत. त्या मुलांसाठी बोधपर पुस्तकं लिहीत. त्यांच्या पुस्तकांत खोटं बोलणाऱ्या खारीची शेपूट झडे आणि मध चोरणारं अस्वल शेवटच्या पानावर हमखास मरे. आत्या-मावश्या ही पुस्तकं वाढदिवसाला देत. मुलं 'थँक्यू' म्हणत. पण सगुणाबाईंना रस्त्यात कुत्रं ओळखत नसे. आपलं कुणी वाचतं तरी का, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना.

एका सकाळी त्या स्वतःच बघायला निघाल्या. करंजाच्या झाडाखाली त्यांना आपली सगळीच्या सगळी पुस्तकं दिसली. डोळे भरून आले. मग त्यांनी वर पाहिलं. पुस्तकांच्या चळतीवर झिपरी नावाची अस्वलाची पोर उभी होती. कोपरापर्यंत हात पोळ्यात.

"अगं कार्टे! 'मधाचा मोह' वाचलं नाहीस?"

"त्याच्यावरच उभी आहे, आजी. सगळ्यांत भक्कम तेच. घ्या ना थोडा."

सगुणाबाईंनी जन्मात मध चाखला नव्हता. मधाविरुद्ध लिहिण्यातून सवडच मिळाली नव्हती. त्यांनी एक बोट चाटलं. मग दुसरं. मग अख्खा पंजा.

तेवढ्यात हेडमास्तर करकोचे आले. मध चोरणाऱ्याचं नाव शाळेतून काढायचं, हा त्यांचाच नियम. झिपरीनं मधाळ हात पटकन पाठीमागे लपवले.

"काय चाललंय इथे?"

"वाचन," सगुणाबाई म्हणाल्या. आयुष्यातलं पहिलं खोटं! त्यांनी हळूच मागे वळून शेपूट पाहिली. होती जागेवर.

"पुस्तकावर उभं राहून?"

"विषय उंच आहे, मास्तर."

मास्तरांनी आदरानं मान तुकवली आणि निघून गेले.

झिपरी खाली उतरली आणि काटे सांभाळत आजींना बिलगली. "आजी, पुढचं पुस्तक जरा जाड लिहा ना. वरच्या फांदीवर मोठ्ठं पोळं आहे."

आजवर एकाही वाचकानं सगुणाबाईंकडे काही मागितलं नव्हतं. त्या तडक घरी गेल्या आणि लिहायला बसल्या. वर्षभर खपून त्यांनी 'आज्ञापालनाचे महत्त्व' हा ग्रंथ सिद्ध केला. पालक धन्य झाले. मुलांनी तर रांगा लावून नेला. लगेच दुसरी आवृत्ती निघाली, तीही दुप्पट जाड पुठ्ठ्यात.

तात्पर्य : चांगली पुस्तकं मुलांना उंचीवर नेतात. ती उघडायलाच हवीत, असा हट्ट मात्र धरू नये.